रोजचे नऊ तास

अण्णांनी आयुष्यात एक तरी वस्तू फेकून दिली असेल तर मला दाखवा. मी त्यांची सून, एकवीस वर्षं या घरात काढली, मी तरी पाहिली नाही. छत्रीची काडी मोडली की सायकलच्या चाकाची तार कापून बसवतात. कपाचा कान तुटला की चिकटवतात, परत तुटला की त्या कपात दाढीचा ब्रश ठेवतात. तर असे हे अण्णा परवा सकाळी चहा पिता पिता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो मॉनिटर टाकून दे. नवा घे. पैसे मी देतो."

सासूबाईंनी चहाचं गाळणं हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. माझा नवरा वर्तमानपत्रातून बाहेर आला. मी मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर एका मॉनिटरवरून एवढं रामायण कशाला असं वाटेल. चित्रकारांच्या चित्रांची पुस्तकं निघतात. चित्राचा फोटो काढला की रंग हटकून बदलतो; मूळचा विटकरी तांबडा टोमॅटोसारखा दिसायला लागतो. तो स्क्रीनवर पुन्हा मुळाशी जुळवायचा आणि मग छापखान्यात पाठवायचा, हे आमचं काम. अण्णांनी ते चाळीस वर्षं केलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यात काडीचा रस नव्हता. तो शाळेत गणित शिकवतो, आणि मोरपंखी आणि निळा हे दोन वेगळे रंग आहेत हे त्याला लग्नानंतर कळलं, तेही मी ओरडल्यावर. मग अण्णांनी मला शिकवलं. माझी पहिली अकरा प्रूफं त्यांनी माझ्यासमोर फाडली. मी रडकुंडीला आले तर म्हणाले, "रंगाला नातं नसतं. तू सून आहेस म्हणून चुकीचा तांबडा बरोबर ठरत नाही."

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी ते खुर्चीतून उठले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आता नजर तुझी, म्हणाले. त्याच आठवड्यात हा मॉनिटर आला होता. एवढ्या किमतीत चांगली स्कूटर आली असती, पण तो दाखवतो तसा रंग दुसरा कुठलाही मॉनिटर दाखवत नाही. त्या दिवसानंतर अण्णांनी कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. निदान माझी तशी समजूत होती.

ही खोली घराच्या मागं, वेगळ्या दाराची. भिंती राखाडी, फरशी राखाडी, खिडकी नाही, दिवसाच्या उजेडासारखा उजेड देणारा एकच दिवा. दाराशी खुंटीवर राखाडी शर्ट. कारण आपण अंगावर जो रंग घालतो तो काचेवर पडतो आणि डोळा फसतो. त्यामुळे मॉनिटरसमोर बसायचं ते राखाडी घालूनच. या बाबतीत अण्णा देवाचीही गय करणार नाहीत. छापखान्याचे मालक, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एकदा तांबडा स्वेटर घालून आले तर अण्णांनी त्यांना उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून दिलं आणि तिथूनच बघा म्हणाले. माझ्या कमरेला खोचलेला पिवळा रुमालही त्यांना दारातून दिसायचा.

तर पंधरा दिवसांपूर्वी मॉनिटर आजारी पडला. थोडा वेळ चालला, तापला, की फट्‌कन काळा. दोन मिनिटांनी आपोआप परत सुरू. माझ्यासमोर एका दिवंगत चित्रकाराची एकशे चाळीस व्यक्तिचित्रं होती, पुस्तक तीन आठवड्यांनी छपाईला जायचं होतं. चेहऱ्यांचं काम सगळ्यात वाईट. झाडाचा हिरवा थोडा इकडचा तिकडं झाला तर कुणी हरकत घेत नाही, पण गालाचा रंग चुकला की माणूस तापानं फणफणलेला दिसतो, नाहीतर मेलेला.

मी मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस दुरुस्ती करतो आणि नवे मॉनिटरही विकतो, म्हणून मी आधीच कंबर कसून बसले होते. आता हा म्हणणार, बाई, याचं आयुष्य संपलं. त्यानं मागचं झाकण उघडलं, टॉर्च मारला, फुंकर घातली, आणि म्हणाला की पॉवरचा बोर्ड गेलाय, आठवड्यात मागवतो, बाकी पीस सोन्यासारखा आहे, बदलायचं डोक्यात आणू नका. रंग मोजायची एक काळी डबी त्यानं काचेवर लटकवून पाहिली. रंग अगदी नव्यासारखे बरोबर.

अण्णा दारात उभे होते. आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले की डब्या काहीही सांगतात, स्क्रीन पिवळी पडलीय, डोळ्यांना दिसतंय.

मला दिसत नव्हतं. मी जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. पांढरं पांढरं होतं. स्क्रीन पिवळी असेल आणि मला दिसत नसेल, तर माझी नजर काय लायकीची? या स्क्रीनवर जुळवून मी चार वर्षांत शेकड्यांनी चित्रं छापायला पाठवली. अण्णांची नजर चुकलेली मी कधी पाहिली नव्हती.

मेकॅनिक जाता जाता म्हणाला, "बाई, कष्ट फार करता तुम्ही. रोजचे नऊ तास."

मी म्हटलं, कसले नऊ तास? तो म्हणाला की मॉनिटर किती तास पेटलाय ते त्याच्या पोटात लिहिलेलं असतं, एक बटण दाबून धरलं की दिसतं. त्यानं दाखवलं. दहा हजार नऊशे तास. मी दहाला बसते, जेवायला उठते, पाचला बंद करते. सहा तास, त्याच्या वर एक मिनिट नाही, कारण त्यापुढं डोळा खोटं बोलायला लागतो, हेही अण्णांनीच शिकवलेलं. माझ्या नवऱ्यानं संध्याकाळी पाढ्यासारखा हिशेब केला: चार वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस, सहा तास, म्हणजे सात हजार दोनशे. उरलेले तीन हजार सातशे तास माझे नाहीत.

मग कुणाचे?

आता माझा स्वभाव असा की एकदा शंकेचा किडा डोक्यात शिरला की मला अन्न गोड लागत नाही. पहिला संशय मेकॅनिकवर. आकडा फुगवून सांगायचा, घाबरवायचं, नवा गळ्यात मारायचा. पण तो तर दुरुस्त करा म्हणत होता. दुसरा नवऱ्यावर, पण त्याला तो मॉनिटर कुठून चालू होतो हेच ठाऊक नाही. मुलगी दोन वर्षं वसतिगृहात. राहिले सासूबाई, त्यांना ती खोली म्हणजे अंधारकोठडी वाटते, आणि राहिले अण्णा.

ज्याचा धंदा नवं विकायचा तो जुनं ठेवा म्हणतोय, आणि ज्यांनी जन्मात जुनं सोडलं नाही ते नवं घे म्हणतायत. उलटी गंगा. दुपारभर हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं. अण्णा रोज पहाटे पाचला फिरायला जातात, आठला दुधाची पिशवी घेऊन परत येतात. बरोबर कोण असतं? तर दुसऱ्या छापखान्यातले त्यांचे जुने मित्र, असं ते सांगतात. मी कधी त्या मित्रांना पाहिलेलं नाही. पाच ते आठ तीन तास होतात. म्हणजे अण्णा माझ्या पाठीमागं, माझ्या मॉनिटरवर, त्या दुसऱ्या छापखान्याची कामं करतायत की काय? कुंपणानंच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला!

हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, अण्णांनी काही करायचं ठरवलं तर तुला विचारतील का घाबरून लपवतील? मी म्हटलं, चोराच्या मनात चांदणं असतं, नाहीतर स्वतःच्या खिशातून नव्या मॉनिटरचे पैसे काढणारा माणूस तुझा बाप नव्हे.

शुक्रवारी सकाळी सासूबाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि तोंडानं चालूच होतं. रोज रोज हा एकच शर्ट धुवायचा, कॉलर विरली, हातोपे गेले, फिरायला जाताना कुणी असला पोशाख करतं का, चार माणसांत शोभतं का. मी बादली उचलायला वाकले होते, तशीच थांबले. दोरीवर अण्णांचा राखाडी शर्ट होता. कामाचा. चार वर्षांपूर्वी ज्याची गरज संपली तो.

राखाडी शर्ट घालून माणूस कशाला बसतो ते या घरात दोघांनाच माहीत आहे.

मी तडक खोलीत गेले. दार लावलं, कॉम्प्युटर चालू केला आणि सेव्ह केल्याच्या वेळेप्रमाणं सगळ्या फाइली लावल्या. माझ्या फाइलींखाली सापडल्या पहाटेच्या. पाच चाळीस, सहा वीस, सात पाच. सगळ्या एका फोल्डरात, आणि फोल्डराचं नाव 'रद्दी'. अण्णांनाच सुचावं. मी गेली चार वर्षं ते नाव बघून पुढं जात होते, कारण रद्दीत कोण डोकावतं?

त्यात बाहेरचं एकही काम नव्हतं. सगळी माझीच चित्रं. मी केलेलं प्रत्येक चित्र, तेच नाव, तोच नंबर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी दिवसा करायचं आणि यांनी पहाटे येऊन सुधारायचं! चार वर्षं छापखान्याचे मालक मला म्हणत होते, अण्णांची नजर तुमच्यात उतरली. मी घरी येऊन ते वाक्य नवऱ्याला दोनदा सांगायची. नजर उतरली कसली, नजर त्यांचीच होती. मी नुसती खुर्ची तापवत होते. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

डोळे पुसून मी छापखान्यात गेलेल्या फाइली एकेक उघडून पडताळल्या. वीस पाहिल्या, तीस पाहिल्या. वेळ माझीच, रंग माझेच. त्यांनी माझ्या कामाला बोटही लावलेलं नव्हतं. मूळ फोटो घेऊन त्यांनी आपलं वेगळं केलं होतं आणि रद्दीत टाकलं होतं.

मग त्यांची चित्रं पाहिली. पहिल्या वर्षातली माझ्याहून सरस होती, खोटं कशाला बोलू. सावल्यांमध्ये जो जांभळट अंश राहायला हवा तो मी घालवते, त्यांनी ठेवला होता. दुसऱ्या वर्षी दोघांची जवळजवळ सारखी. तिसऱ्या वर्षापासून मात्र काहीतरी भलतंच. पांढऱ्या भिंतीवर निळसर झाक, ढगात निळं, हातांवर निळं. आणि गेल्या महिन्यातली, आताच्या पुस्तकातली व्यक्तिचित्रं तर बघवेनात. खिडकीशी बसलेली म्हातारी, माझ्या चित्रात उन्हात शेकणारी, त्यांच्या चित्रात विहिरीतून काढल्यासारखी.

माझी अक्कल कुठं धावली ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, मुद्दाम केलंय. मॉनिटर बाद आहे, सुनेला कळत नाही, असं मालकांना दाखवायला पुरावा गोळा करतायत. खुर्ची परत हवीय. मी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. शनिवारी दहा वाजता मेकॅनिक 'दुरुस्त की नवा' विचारायला येणार होता, त्याच्या आत सोक्षमोक्ष.

शनिवारी पहाटे पावणेपाचला उठले. गारठा होता, म्हणून हाताला आली ती शाल पांघरली. माझ्या बहिणीनं विणलेली, लिंबाच्या रंगाची. खोलीत जाऊन दिवा न लावता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पाच वाजून पाच मिनिटांनी दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरली. दुसरी किल्ली करून घेतली होती तर. अण्णा आत आले, अंगात राखाडी शर्ट. दिवा लावला, मॉनिटर चालू केला, आणि वळले तर मी.

दचकले, पण क्षणभरच. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मला वाटलं आता सारवासारव करतील. तर कपाळाला आठी घालून म्हणाले, "पांढरं काही अंगावर घेऊन इथं बसू नये. काचेवर उजेड मारतं. किती वेळा सांगितलं?"

बघा, चोर तो चोर, वर शिरजोर! मी ते कानाआड केलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. तासांचा विषय काढला, शर्टाचा काढला, रद्दीचा काढला. माझ्यावर विश्वास नव्हता तर किल्ली कशाला दिली म्हटलं. माझ्या पाठीमागं माझी परीक्षा घेता, आणि वर स्क्रीन पिवळी म्हणून मेकॅनिकसमोर माझी शोभा करता.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत बसले, माझ्या खुर्चीत, अगदी कडेला, पाहुण्यासारखे.

म्हणाले की परीक्षा तुझी नव्हे. चाळीस वर्षं पाचला उठून मी इथं बसलो, किल्ली दिली म्हणून डोळा उघडायचा थांबतो का? तू दिवसा केलेलं चित्र मी पहाटे करून बघायचो, तुझं न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवायचो. जुळलं की बरं वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू हात आखडून काम केलं असतंस. मित्रबित्र कुणी नाहीत. दूध तेवढं परतताना घेतो.

"आणि आता?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली, जुळत नाही." त्यांनी म्हातारीची दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. "तुझं पिवळं दिसतं. सगळंच पिवळं दिसतं. मी निळं घालून घालून पिवळं मारतो, तरी मरत नाही. म्हणून म्हणतो, यात तुझा दोष नाही, माझाही नाही. ही स्क्रीन गेलीय. नवी आण, आणि मग बघ, आपलं परत जुळेल."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्या नजरेनं याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते प्रूफ फाडायच्या आधी मी त्यांच्याकडे तशी बघत असे.

मी शाल सावरली, आणि हात तिथंच थांबला. पांढरं, म्हणाले होते ते. चार हातांवरून, दिव्याच्या उजेडात. माझ्या कमरेचा रुमाल दारातून ओळखणारा माणूस.

हो म्हणणं किती सोपं होतं. दहा वाजता मेकॅनिक येईल, नवा आणा म्हणायचं, पैसे तर तेच देतायत. महिनाभर तरी ते आशेवर जगतील. मग नवाही पिवळा दिसेल, तेव्हाचं तेव्हा. जीभ अगदी तोंडातल्या तोंडात वळली. पण माझी अकरा प्रूफं याच खोलीत फाटली होती.

"अण्णा," मी म्हटलं, "ही शाल पिवळी आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी हात पुढं केला. मी शाल काढून दिली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, जवळ नेली, लांब नेली, एक डोळा मिटून पाहिली, मग दुसरा मिटून. मी आठवड्यापूर्वी त्या स्क्रीनशी जे जे केलं ते सगळं त्यांनी त्या शालीशी केलं.

"हळदीसारखी?"

"लिंबासारखी."

त्यांनी मान हलवली. शाल मांडीवर ठेवून तिची घडी घातली, कडेला कड नीट लावून. मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण आमच्यात तशी पद्धत नाही, मग मी स्टूल ओढून शेजारी बसले. म्हटलं, मोतीबिंदू असणार, माझ्या आईला झाला होता, अर्ध्या तासाचं काम असतं, आतलं भिंग बदलतात आणि सगळं लख्ख दिसतं.

"बदलतात," अण्णा म्हणाले. "आपलंच साफ करून परत नाही बसवत?"

"नाही."

त्यांनी मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या, एक उन्हात, एक पाण्यात. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॉनिटर फट्‌कन काळा झाला आणि काचेत आम्ही दोघंच उरलो.

"मेकॅनिकला सांग, दुरुस्त कर," अण्णा म्हणाले. "स्क्रीन चांगली आहे."